ऑयलरचे अनुमान आणि श्रीखंडे यांचा प्रतिदाखला



एखादे विधान थोर गणितज्ञाने केले आणि पावणेदोनशे वर्षे ते कोणाला खोडता आले नाही, तर ते खरे मानावे काय? आज आम्ही या प्रश्नाचीच हकीकत सांगणार आहोत.

बीड, माजलगाव आणि अंबाजोगाई येथून प्रत्येकी एक गायक, एक वादक व एक कीर्तनकार असे नऊजण आले आहेत असे समजू. त्यांना तीन ओळींत असे बसवायचे की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत तिन्ही गावे यावीत, तिन्ही कलाही याव्यात. पहिल्या ओळीत बीडचा गायक, माजलगावचा वादक, अंबाजोगाईचा कीर्तनकार. दुसरीत माजलगावचा कीर्तनकार, अंबाजोगाईचा गायक, बीडचा वादक. तिसरीत अंबाजोगाईचा वादक, बीडचा कीर्तनकार, माजलगावचा गायक. जमले!

सहा गावे आणि सहा कला घेतल्या की मात्र जमत नाही. १७८२ साली ऑयलरने अनुमान मांडले की ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे चाराने भागून दोन उरणाऱ्या, कोणत्याही संख्येला हे जमणार नाही. १९०० च्या सुमारास तारी या फ्रेंच गृहस्थांनी सहाच्या सर्व मांडण्या तपासल्या; सहापुरते ऑयलरचे खरे ठरले.

गणितात ‘गट’ नावाची एक रचना आहे. तिच्या कोष्टकातही प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत एकदाच येते. अशा कोष्टकावर गावे मांडली, तर ६, १०, १४ यांना कलांची मांडणी कधीच जुळत नाही, हे सिद्ध झालेले आहे. म्हणजे ओळखीच्या वाटेने गेले तर ऑयलरच बरोबर! परंतु प्रत्येक कोष्टक गटाचे नसते. ही वाट मोकळीच होती.

१९५९ साली राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य शरदचंद्र शंकर श्रीखंडे त्या वाटेने गेले. बावीस वस्तूंच्या काही चारचारांच्या आणि एक सातांची, अशा तुकड्या करता येतात, की कोणत्याही दोन वस्तू नेमक्या एकाच तुकडीत एकत्र याव्यात. चार आणि सात यांच्या मांडण्या ठाऊक होत्याच. त्या गुंफल्या की बावीसची तयार होते. पार्कर यांनी दहाची मांडणी करून दाखविली. पुढे तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ वगळता हे सर्वत्र जमते. ही वार्ता न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर आली.

श्रीखंडे १९१७ साली सागर येथे जन्मले, नागपुरास शिकवीत होते, पुढे मुंबई विद्यापीठात आले आणि २०२० साली, वयाच्या एकशे तिसाव्या नव्हे, पण एकशे तिसऱ्या वर्षी निवर्तले.

या मांडण्या केवळ करमणूक नव्हेत. ज्वारीच्या वाणांची तुलना करताना जमिनीच्या कसातील फरक आड येऊ नये म्हणून शेताचे वाफे असेच आखतात.

ऑयलरचा मोठेपणा याने उणावत नाही. मात्र ‘आम्हाला जमले नाही’ आणि ‘जमणेच शक्य नाही’ यांतले अंतर आपण विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.