हजेरीपटावरून उमटणारे चित्र
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मजवर सोपविलेला विषय ऐकताच आपणांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या उमटल्या, हे मी येथे बसल्या बसल्या पाहिले. संगणकाच्या जाळ्यावर दाखविता येतील अशी, आकडे बदलताच आपोआप बदलणारी चित्रे मुक्त साधनांच्या साहाय्याने स्वतः तयार करणे, असा हा विषय आहे. परंतु आपण ज्याला तक्ता म्हणतो, त्याचाच हा थोरला भाऊ होय. जून महिन्यात मोठ्या हौसेने रंगविलेला उपस्थितीचा तक्ता श्रावणात पाहावा, तर त्यावर जूनचेच आकडे असतात. दोष गुरुजींचा नव्हे. दररोज नवा तक्ता रंगविण्यास वेळ कोठून आणावा? हजेरीपटावर आकडा लिहिला की तक्ता आपला आपण नवा व्हावा, एवढीच आपली मागणी आहे. ती पुरी करता येते. कशी, ते प्रथम सांगतो. त्यात फसगत कोठे होते, ते नंतर सांगेन. आणि माझ्या मते महत्त्व त्या दुसऱ्या भागाचे अधिक आहे.

संगणकातील चित्रे दोन जातींची असतात. पहिल्या जातीचे चित्र रांगोळीसारखे, ठिपक्याठिपक्यांनी भरलेले असते. छायाचित्र हे त्याचे उदाहरण होय. ते मोठे करू गेल्यास ठिपके दिसू लागतात, आणि त्यातील एखादे अक्षर बदलावयाचे म्हटले तर तेवढा भाग पुसून पुन्हा काढावा लागतो. दुसऱ्या जातीच्या चित्रात ठिपके साठविलेले नसतात, सूचना लिहिलेल्या असतात. येथून येथवर रेघ ओढ, या ठिकाणी इतक्या उंचीचा आयत काढ, त्याखाली ‘सोमवार’ असे लिही. ही सूचनांची फाइल उघडताच ब्राउझर त्याप्रमाणे चित्र काढून दाखवितो. या पद्धतीस एसव्हीजी असे नाव असून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ साली ती प्रमाणित केली. आपल्या दृष्टीने मोठी सोय ही की, ती फाइल म्हणजे साधा लिहिलेला मजकूर असतो. आपल्या कार्यालयातील संगणक असो वा आपल्या खिशातील भ्रमणध्वनी, दोहोंवर ती उघडते. आणि फाइल यंत्रात असली म्हणजे त्या वेळी इंटरनेट असण्याचीही गरज नाही.

आता हिशेब पाहू. पट ४० मुलांचा आहे असे धरा. चित्राची उंची २०० मात्रा ठेवली, तर एका मुलास ५ मात्रा आल्या. सोमवारी ३२ मुले हजर होती, म्हणून स्तंभाची उंची ३२ गुणिले ५, म्हणजे १६० मात्रा झाली. येथे पहिली ठेच लागते. आपण आलेखाच्या कागदावर खालून वर मोजतो. संगणक मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली मोजत येतो. त्यामुळे वरून किती अंतरावर स्तंभ सुरू करावा, हे त्यास सांगावे लागते. २०० वजा १६०, म्हणजे ४० मात्रांवर. ही वजाबाकी विसरली तर सारे स्तंभ वटवाघळांसारखे छताला लोंबकळतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते तसेच लोंबकळले होते, आणि घरातील मुलांची चांगली करमणूक झाली होती.

एका दिवसाचा स्तंभ हाताने लिहिता येईल. सहा दिवसांचे सहा लिहावे, वर्षभराचे दोनशेहून अधिक लिहावे, हे मात्र मनुष्याचे काम नव्हे. येथे आज्ञावली उपयोगी पडते. तिला आपण एकदाच सांगतो: हजेरीची फाइल उघड, प्रत्येक ओळीतील आकडा घे, त्यास पाचाने गुण, २०० मधून वजा कर, तेथे आयत लिही, थोडे उजवीकडे सरक, ओळी संपेपर्यंत हेच कर. पाढ्याची रीत कळलेल्या मुलास हे ‘संपेपर्यंत हेच कर’ कळण्यास अडचण पडत नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांना छोटे संगणक देण्यात आले होते. त्या संगणकांच्या साधनसंचात ‘टर्टल आर्ट’ नावाचा एक खेळ असे. त्यात कासवाला ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ असे चार वेळा सांगितले की चौरस उमटतो. आपली आज्ञावली त्याच कुळातील आहे.

हे सर्व करण्यास लागणारी साधने मुक्त आहेत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी या चळवळीची घोषणा केली, तेव्हापासून ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘फुकट’ असा राहिलेला नाही. साधन वापरण्याची, ते आतून उघडून अभ्यासण्याची, त्यात सुधारणा करण्याची आणि शेजारच्या शाळेला त्याची प्रत देण्याची मोकळीक म्हणजे मुक्तता होय. हजेरी लिहिण्यास लिब्रेऑफिस, आज्ञावली लिहिण्यास पायथन ही भाषा आणि चित्रावर हात फिरवून ते नीटनेटके करण्यास इंकस्केप, एवढी तीन पुरेत. विकत घेतलेल्या साधनाची मुदत संपली की आपले सारे तक्ते कुलूपबंद होतात. शिक्षकाने आपल्या फळ्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का ठेवावी?

मराठी अक्षरांविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण येथे अनेकांचा उत्साह मावळतो. संगणकात ‘शि’ साठविताना आधी ‘श’ आणि मागाहून वेलांटी साठविली जाते. दाखविताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी यावी लागते. ही अदलाबदल करण्याचे ज्ञान ठिपक्यांची चित्रे तयार करणाऱ्या कित्येक जुन्या साधनांना नव्हते. परिणाम असा झाला की, मी प्रथम तयार केलेल्या चित्रावर आपल्या जिल्ह्याचे नाव ‘धाराशवि’ असे उमटले, आणि ‘उपस्थिती’मधील जोडाक्षर हलन्त चिन्हासकट उसवून पडले. सूचनांच्या चित्रात ही पीडा बहुतेक टळते. कारण तेथे आपण केवळ अक्षरे लिहितो आणि ती जुळविण्याचे काम ब्राउझर करतो. ते काम तो वाचकासाठी एरवीही करीतच असतो. सोबत मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा टंक वापरावा. तो भिंतीवर लांबूनही स्पष्ट वाचता येतो. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले, तेव्हा ठिपक्यांच्या चित्रांतील जुने नाव तसेच गोठून राहिले. आज्ञावलीत ते एका ओळीत बदलता येते, आणि त्या घटकेपासून निघणारे प्रत्येक चित्र नव्या नावाने निघते.

आता फसगतीविषयी. आज्ञावली आपले म्हणणे तंतोतंत ऐकते, आणि त्यातच धोका आहे. रविवारची जागा हजेरीच्या फाइलमध्ये रिकामी असते. रिकाम्या जागेस शून्य समजावे असे आपण नकळत सांगितले, तर आलेख दर रविवारी विहिरीत उडी घेतो. जेथे नोंद नाही, तेथे चित्रातही रिकामी जागाच ठेवावी. तसेच उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता ८० पासून सुरू केला, तर ८४ आणि ८८ यांतील अंतर दुपटीचे दिसते. खोटे एकही अक्षर न लिहिता खोटे बोलण्याचा हा प्रकार आहे.

परंतु सर्वांत मोठी फसगत आपल्या जिल्ह्याच्या रीतीतून उद्भवते. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतील शिक्षकांस मी नवे काय सांगणार? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर आपल्या वर्गातील मुलेही जातात. ४० च्या पटातील १० मुले गेली असे समजा. मागे राहिलेल्यांपैकी २८ हजर आहेत. पट ४० च ठेवला तर उपस्थिती शेकडा ७० येते. गेलेल्यांची नावे हिशेबातून काढून पट ३० धरला, तर तीच उपस्थिती शेकडा ९३ होते. म्हणजे दहा मुले उसाच्या फडात गेली आणि आलेख वर चढला! आपण भागाकारात कोणता छेद लिहिला, यावर हे सर्व अवलंबून आहे, आणि तो छेद आज्ञावलीच्या एका ओळीत दडलेला असतो. भिंतीवर हाताने तक्ता काढताना ही गोष्ट मनाला बोचली असती, कारण नाव खोडताना त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. यंत्राने काढलेल्या सुबक चित्रात तो चेहरा येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, शेकडेवारीचा आलेख काढूच नये. चित्रात तीन रेषा असाव्यात: जूनमधील पट, आजचा पट आणि आजची उपस्थिती. जूनची रेषा वर्षभर आडवी, अढळ राहील. तिच्यापासून दुसरी रेषा जितकी खाली जाईल, तितकी मुले गावाबाहेर आहेत. ती कोठे आहेत, कोणाजवळ शिक्षण हमी कार्ड दिले, कोण हंगामी वसतिगृहात राहिले, याची विचारणा त्या अंतरातून सुरू होते. ग्रामसभेत हे चित्र पडद्यावर दाखविल्यास पालकांना शेकडेवारी शिकविण्याची गरज पडत नाही. दोन रेषांमधील पोकळी सर्वांना दिसते. आकडे मात्र संख्येपुरतेच ठेवावेत. मुलांची नावे जाळ्यावर जाणाऱ्या चित्रात कदापि येऊ देऊ नयेत.

कोणी विचारील की, मग मुलांनी आलेख काढावयास शिकण्याचे कारण काय? माझे मत स्पष्ट आहे. इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांनी प्रथम चौकटीच्या कागदावर, पट्टी व पेन्सिल घेऊन, आपल्याच वर्गाची आठवड्याची हजेरी काढावी. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली व्यापाराचे रेषालेख छापले, तेही आधी हातानेच काढावे लागले होते. कागदावर ज्याची रेघ चुकली आहे, त्यालाच यंत्राची चूक ओळखता येते.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने जूनचा पट, आजचा पट व गेल्या सहा दिवसांची उपस्थिती, एवढे आकडे एका कागदावर लिहून आणावेत. ज्यांजवळ संगणक नाही, त्यांनी चौकटीची वही आणावी. पहिला तास वहीवरच होईल. आज्ञावली आपण जेवणानंतर लिहू.