खपली आणि आमचे जाते

सांगली-साताऱ्याकडून येणारा कोणी खपली गव्हाचे गाठोडे घेऊन जामुलला उतरला, की आपल्या घरी खिरीचा बेत ठरलाच! माझ्या नातवाला गव्हाची पोळी सोसेना, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने जात्यावर दळलेली खपली पुढे केली. जुने, जाडेभरडे ते निरुपद्रवी, ही माझी भाबडी समजूत. मूल अधिकच खंगले. निदान झाले ते सीलिअ‍ॅक विकाराचे.

ग्लुटेन हे गव्हातील चिवट प्रथिन दाण्याच्या गाभ्यातच असते. कोंडा ठेवल्याने वा हाताने दळल्याने ते जात नाही. खपलीही त्याला अपवाद नव्हे. हा विकार नसलेल्या काहींना ती सोसते, हे खरे. पण विकार आहे की नाही, हे आधी कळावे कसे? रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधी सोडला, तर निष्कर्ष फसवा येऊ शकतो. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला होता. आम्हांला तो घरात शिकावा लागला.

आता नातू शेजारणीने शिकवलेला तांदळाचा चीला आणि ज्वारीची भाकरी खातो. चक्कीत गव्हामागून ज्वारी दळून चालत नाही, म्हणून नवे जाते आणले आहे. खपलीचे जुने माळ्यावर गेले.