पुन्हा सायकलवर बसताना



कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनसवर नाही तर संपावर बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज मी सायकलीवर बोलणार आहे. तेही ॲल्युमिनियमच्या ताठ सायकलीवर. मात्र विषय बदलला असे समजू नका. वालचंदनगर, भवानीनगर या बाजूच्या कारखान्यांच्या पाळ्यांना भोंग्याच्या आधी सायकलींची रांग लागे. ती माणसे पुढे फटफटीवर गेली, निवृत्त झाली. आणि आता डॉक्टर सांगतात, साखर वाढली आहे, पुन्हा सायकल चालवा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान पेन्शन 2014 साली महिना 1000 रुपये ठरली. त्या हिशेबाचा माणूस ग्रॅच्युइटीतले हजारो रुपये सायकलीत घालणार असेल, तर ती सायकल आठ दिवसांत खुंटीला लागता कामा नये. माझा सारा प्रश्न एवढाच आहे.

दुकानदार सांगतो, ‘फ्रेम एकदम ताठ आहे, जोर वाया जात नाही.’ शेजारी सांगतो, ‘ताठ आहे म्हणूनच घेऊ नका, कंबर मोडेल.’ दोघेही अर्धेच बोलतात.

ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या घरातले ‘जर्मन’चे भांडे. ते वजनाला पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. पण वाकायलाही तितकेच सोपे, म्हणजे ताठपणाही एक तृतीयांशच. मग या धातूची सायकल ताठ कशी? उत्तर नळीच्या जाडीत आहे. पत्रा तेवढाच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट वाढतो. तेव्हा दुप्पट व्यासाची ॲल्युमिनियमची नळी पोलादी नळीच्या दोन तृतीयांश वजनात अडीचपटीहून अधिक ताठ होते. कारखानदार इतका व्यास सहसा वाढवीत नाहीत, पण नव्या सायकलींच्या नळ्या दंडासारख्या जाड दिसतात त्या याचसाठी. ताठपणा धातूचा नव्हे, आकाराचा आहे. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य आम्हा युनियनवाल्यांना फार प्रिय. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र ते सावधपणे घ्यावे लागते, त्याकडे मी पुढे येतो.

हा ताठपणा कामाला येतो तो पायडलवर जोर देताना. फ्रेम आडवी पिळत नाही, चढावर सायकल तुमच्या पायाला लगेच जबाब देते. पण खड्ड्याचा दणका येतो खालून वर, आणि त्या दिशेने सायकलची फ्रेम कोणत्याही धातूची असली तरी जवळजवळ हलत नाही. पत्र्याच्या शेडवरची लोखंडी कैची आठवा. त्रिकोण उभ्या भाराखाली वाकत नाही. सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोणच. आपली जुनी वीस किलोची काळी सायकलसुद्धा याच घडणीची होती. मग ती मऊ का वाटे? सीटखाली स्प्रिंगा होत्या, पुढचा चिमटा बाकदार होता, आणि टायर दीड इंच जाडीचे होते. मऊपणा हवेचा होता, आणि आपण त्याचे श्रेय पोलादाला देत राहिलो.

हवेची ही किमया बेलफास्टच्या एका गुरांच्या डॉक्टरने दाखवली. जॉन बॉइड डनलॉप त्याचे नाव. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसतात म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरली आणि 1888 साली पेटंट घेतले. त्याआधीच्या लाकडी, लोखंडी धावेच्या एका सायकलीला इंग्रज लोक हाडे खिळखिळी करणारी म्हणूनच ओळखत.

तेव्हा दुकानात गेल्यावर फ्रेमवर टिचकी मारत बसू नका. खाली वाका आणि टायर व चिमटा यांच्यामधली जागा पाहा. शर्यतीच्या पुष्कळ सायकलींत 25 किंवा 28 मिलिमीटरपलीकडचा टायर बसत नाही. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या आपल्या रस्त्यांवर 32 मिलिमीटरचा टायर हवा, आणि तो बसेल अशी ताठ फ्रेम खुशाल घ्यावी. जाड टायरात हवाही कमी लागते. पंप मारून मारून टायर दगड करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. टायरवर छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो, तो गाठलाच पाहिजे असे नाही.

दुसरे, हँडल. वीस वर्षांनी परतणाऱ्याची मान शर्यतवाल्याइतकी वाकत नाही. हँडल सीटच्या बरोबरीने येत नसेल आणि हात ताणावे लागत असतील, तर जी कळ येते तिचा आळ उगीच ॲल्युमिनियमवर जातो. हलका गिअर असावा हे सांगायला नकोच.

आता ॲल्युमिनियमची खरी उणीव. पोलादाला एका मर्यादेच्या आत कितीही हेलकावे द्या, ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हेलकाव्याची नोंद त्याच्या वहीत होते. चांगली फ्रेम वर्षानुवर्षे चालते, हे खरे. पण जुनी, दुसऱ्याने वापरलेली सायकल घेताना सांधे कापडाने पुसून उजेडात पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर सौदा मोडा. पोलादी फ्रेम तुटली तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देई. ॲल्युमिनियमची जोडलेली फ्रेम भट्टीतली उष्णतेची प्रक्रिया पुन्हा झाल्याशिवाय मूळ बळ धरत नाही, आणि ती सोय गावात नसते.

कार्बनच्या महाग फ्रेमचे मला विचारतात. 1998 साली मार्को पँतानीने फ्रान्सची मोठी शर्यत ॲल्युमिनियमच्या सायकलीवर जिंकली. आपल्याला तर बोरीपर्यंत जाऊन द्राक्षे घेऊन परत यायचे आहे. वाचलेल्या पैशांत चांगले टायर, मागचा लाल दिवा आणि डोक्यावरची टोपी घ्या. रात्री उसाच्या ट्रॉलीमागून येणाऱ्याला तुम्ही दिसले पाहिजे. आणि द्राक्षे आणायची म्हणता, तर मागे कॅरिअर बसवायची भोके फ्रेमला आहेत की नाहीत, तेही पैसे मोजण्यापूर्वी बघून घ्या.