एकच नाव, वेगळे बाइट



‘शेतकऱ्यांची यादी’ अशा नावाची फाइल आपल्याकडे कुठल्याही कचेरीत सापडेल. स्वयंचलित चाचण्या लिहिणाऱ्यांनी आज या नावातल्या ‘ऱ्या’कडे नीट पाहावं, अशी माझी विनंती आहे.

युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र संकेतांक ०९३१. यूटीएफ-८ मध्ये त्याला ३ बाइट लागतात. दुसरा, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. त्याला ६ बाइट. युनिकोडच्या नियमानं दोन्ही समतुल्य आहेत. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालीला मात्र नाव म्हणजे नुसती बाइटांची रांग. त्यामुळे डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन फाइली तिथे एकाच फोल्डरमध्ये नांदतात. विंडोजची एनटीएफएससुद्धा त्या वेगळ्याच मानते. मॅकची जुनी एचएफएस प्लस नाव साठवतानाच ‘ऱ’ फोडून ठेवायची. २०१७मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एक धरते.

आता चाचणी पाहा. ती फाइल तयार करते, फोल्डरमधली नावं मागवते आणि आपलं नाव त्यांत शोधते. लिनक्सवर पास, जुन्या मॅकवर नापास. त्रुटीच्या संदेशात अपेक्षित नाव आणि मिळालेलं नाव हुबेहूब सारखं छापलेलं! मग वैतागून कुणीतरी मराठी नाव काढून इंग्रजी घालतं. चाचणी पास होते आणि दोष थेट ग्राहकाच्या पदरात पडतो. ही पळवाट आहे.

उपाय अवघड नाही. चाचणीत दोन्ही रूपं संकेतांकांनी लिहा, म्हणजे कॉपी-पेस्टमध्ये ती बदलणार नाहीत. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा. पायथन आणि जावा दोन्हींत त्याची सोय आहे. फाइल उघडताना मात्र डिस्कनं दिलेलं नाव जसंच्या तसं वापरा. आणि दोन रूपांच्या फाइली शेजारी राहतात की एकमेकींवर लिहिल्या जातात, हे ऑपरेटिंग सिस्टिमवरून गृहीत धरू नका. तात्पुरत्या फोल्डरमध्ये करून पाहा. एकाच मॅकला वेगवेगळ्या फाइलप्रणालींच्या डिस्क जोडलेल्या असू शकतात.

मराठीचं एवढ्यावर भागत नाही. ‘ऱ्या’ हा ‘र’, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि ‘या’ असाही लिहिला जातो. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८च्या युनिकोड ५.१ मध्ये, ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेलं रूप अजूनही भेटतं. या जोड्या युनिकोड समतुल्य धरत नाही, म्हणून एनएफसी त्यांना एकरूप करत नाही. त्या एक मानायच्या की नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि तो निर्णय चाचणीत लिहिलेला असला पाहिजे.

१९८८मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था याच पुण्यात सुरू झाली आणि तिच्या जिस्ट गटानं भारतीय लिप्या संगणकावर रुजवल्या. या शहरातल्या अभियंत्यांना माझं सांगणं एवढंच : आपल्या चाचणीसंचात ‘शेतकऱ्यांची यादी’ तिन्ही रूपांत घाला, आणि लिनक्स, मॅक, विंडोज अशा तिन्हींवर चालवल्याशिवाय सॉफ्टवेअर कुणाच्या हाती देऊ नका.