हरवत्या रक्ताचा शोध

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा मी संकोचलो. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे नाही. हयात गेली ती मुलांना अंकगणित शिकविण्यात. तथापि आमच्या घरी जे घडले ते सांगण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, ७१ वर्षांची. देवळाच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली, चेहरा पांढराफटक पडला. हिमोग्लोबिन ६ भरले. स्त्रियांत ते १२ च्या खाली गेले की पंडुरोग समजतात. रक्त चढविले, लोहाच्या गोळ्या दिल्या, अक्का हिंडूफिरू लागली. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. असे तीन वेळा झाले, आणि आम्ही म्हणत राहिलो, "वय झाले, जेवण तुटले." हौदात पाणी भरावे आणि गळती पाहूच नये, असा तो प्रकार होता. मास्तर म्हणविणाऱ्या मलाही वजाबाकी सुचली नाही!

ती वजाबाकी पुढे एका डॉक्टरांनी करून दाखविली. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर रक्त गेले, तर ५ मिलिग्रॅम लोह गेले. अन्नातून शरीर दिवसाकाठी शोषते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बरे, एवढे रक्त डोळ्यांना दिसतही नाही. शौच डांबरासारखे काळे होण्यास साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त जावे लागते.

डॉक्टरांनी विचारले, "शौच काळे होते काय?" अक्काने मान खाली घातली. आम्ही पुरुषमंडळी बाहेर गेलो, तेव्हा तिने सुनेच्या कानात सांगितले: होते, अधूनमधून, वर्षभर. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून तिने मनाची समजूत घातली होती. पण रक्ताचे शौच चिकट असते व त्याला विलक्षण दुर्गंधी येते. गोळ्यांचे तसे नसते. हा एक प्रश्न व त्याचे खरे उत्तर यांत एक वर्ष गेले. गुडघ्यांसाठी ती वेदनाशामक गोळ्या घेत होती, हेही तेव्हाच कळले. त्या गोळ्या जठरालाच नव्हे, लहान आतड्यालाही जखमा करतात.

मग दुर्बिणी झाल्या. एक तोंडावाटे, जठर व त्यापुढील थोड्या भागापर्यंत. दुसरी खालून, मोठ्या आतड्याची. दोन्ही निर्दोष! आमच्यातील एकाने पेढे वाटण्याची भाषा केली. डॉक्टर म्हणाले, "रक्त जातेच आहे, आपल्याला जागा सापडलेली नाही, इतकेच." दोन्ही दुर्बिणींच्या मध्ये लहान आतड्याची सुमारे सहा मीटरची वळणे उरतात. अन्नमार्गातील रक्तस्रावाच्या शंभर रुग्णांत पाचेकांचे उगमस्थान तेथे असते. तरीही त्यांनी प्रथम वरची दुर्बीण पुन्हा घातली, कारण पहिल्या खेपेस नजरेतून सुटलेली जखम दुसऱ्या खेपेस सापडते. त्यांनी छातीलाही नळी लावली. पोटाच्या आजारात छाती कशाला, असे मला वाटले. १९५८ साली हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखविले होते की, हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेल्या वृद्धांत असा गूढ रक्तस्राव आढळतो. अक्काची झडप ठीक होती.

शेवटी कॅमेऱ्याची कॅप्सूल. ही कल्पना गाव्रिएल इड्डान या इस्रायली अभियंत्याची, आणि ती २००० साली जगापुढे आली. लांबी २६ मिलिमीटर, रुंदी ११. सेकंदाला दोन छायाचित्रे, आठ तास; मुलांनो, गुणाकार करा, ५७,६०० होतात! कमरेच्या पट्ट्यातील यंत्र ती टिपते आणि कॅप्सूल शौचावाटे पडून जाते. आतडे कोठे अरुंद झाले असेल तर मात्र ती अडकते. आपल्याकडे आतड्याचा क्षय आढळतो, म्हणून पोटदुखी, उलटी यांची चौकशी आधी करतात. रक्त गेल्यावर जितक्या लवकर ती द्यावी तितका उपयोग अधिक.

अक्काच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात रक्तवाहिन्यांचे तीन लाल, नाजूक पुंजके दिसले. उतारवयात असे होते. कॅप्सूल केवळ पाहते, उपचार करीत नाही. म्हणून जपानच्या यामामोतो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने आत जाऊन ते पुंजके जाळले. असे पुंजके पुन्हा उद्भवतात, म्हणून दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पाहतो. परवा ते ११ होते.

एक कटू गोष्ट बोलतो. आपल्या घरांत "मूळव्याध आहे" एवढ्यावर रक्ताचा विषय मिटतो. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मूळव्याधीआड मोठ्या आतड्याचा कर्करोग लपून राहतो.

आता मंडळास विनंती. आपला वैद्यकीय साहाय्यनिधी केवळ शस्त्रक्रियेस मदत करतो. कॅप्सूल एकदाच वापरता येते आणि ती महाग असते. सामान्य कुटुंब तेथेच थबकते. तपासणीसही निधीतून साहाय्य मिळावे, असा ठराव मी लिहून चिटणिसांकडे दिला आहे. अक्का पुढच्या रांगेत बसली आहे. तिचे नाव अनुमोदक म्हणून घातले आहे.