डब्यावर जे लिहिलेलं नसतं

आज कविता नाही. विषय ऐकून कुणी रेडिओचा आवाज कमी केला तर चालेल, बंद मात्र करू नये.

काही स्त्रिया स्वतःच्या शरीरसुखासाठी साधनं वापरतात. इंग्रजीत त्यांना सेक्स टॉय म्हणतात. माझ्या दोन्ही भाषांत, घरच्या दखनीत आणि कवितेच्या मराठीत, या जागेचे शब्द शिव्यांमध्येच जास्त भेटतात. म्हणून ही वस्तू बऱ्याचदा ‘बॉडी मसाजर’ होऊन पार्सलनं येते. डब्यावर खांद्याचं, पाठीचं चित्र. नाजूक जागी वापरताना ती धुवायची कशी, हे त्यावर कोण लिहिणार?

मुंबईच्या कस्टम्सनं असे मसाजर अश्लील म्हणून अडवले होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो आक्षेप फेटाळला. माल सुटला, पण बाईच्या प्रकृतीचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. तो प्रश्न फार पूर्वी र. धों. कर्व्यांनी घेतला होता. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये ते वाचकांच्या असल्या शंकांना सरळ उत्तरं देत. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी कर्व्यांना दंड झालाच.

आता कामाचं. वस्तू सिलिकॉनची, काचेची किंवा स्टीलची असेल तर तिच्यात जंतू मुरत नाहीत. मात्र काच तडकलेली नसावी. मऊ, रबरासारख्या स्वस्त वस्तूला बारीक छिद्रं असतात, ती कितीही घासली तरी पुरती स्वच्छ होत नाही. तिच्यावर दर वेळी नवा कंडोम चढवावा. खोबरेल तेल तिथं लावू नये, त्यानं कंडोम फाटतो. पाण्यावर आधारलेलं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं.

वापरापूर्वी आणि नंतर साध्या साबणानं, कोमट पाण्यानं धुवावं. पाणी चालत नसलेली मोटर असेल तर साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसून मग स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसावं. पूर्ण वाळवून स्वच्छ कापडात ठेवावं. ओलं तसंच गादीखाली सरकवणं वाईट, आणि आपल्याकडे लपवण्याच्या घाईत नेमकं तेच होतं. धुवायची ती वस्तू. योनीच्या आत साबण घालायचा नाही. गुदद्वाराकडे वापरलेली वस्तू न धुता पुढं आणू नये. तिकडं वापरायची तर तिचा तळ रुंद हवा, नाहीतर ती आत अडकते. एकीची दुसरीनं वापरू नये, लैंगिक आजार असेही पसरतात. आणि घरातल्या बाटल्या, भाज्या यांच्या वाटेला जाऊच नये.

दुर्गंधीचा स्राव, खाज, लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणं, मध्येच रक्त, यांपैकी काही झालं तर वापर थांबवून डॉक्टरांकडे जावं. काय वापरलं तेही सांगावं. तोंडानं सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवावं.