सीमारेषा मिटली, सातबाऱ्याचे काय?



राष्ट्राची सीमा म्हटली की डोळ्यांपुढे उभे राहते ते काटेरी कुंपण, पहाऱ्यावरचा जवान आणि नकाशावरील ठळक रेषा. परंतु सीमेला एक कागदी रूपही असते. ते जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात, जीर्ण नोंदवह्यांत आणि मोजणीच्या नकाशांत जपलेले असते. दोन शेजारी देशांचे अभिलेख कक्ष परस्परांशी बोलत नसतील, तर सीमेवरील शेतकऱ्याची काय अवस्था होते, याचा धडा भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवरील ‘छिटमहालां’नी दिला आहे.

छिटमहाल म्हणजे एका देशाच्या भूमीने चारही बाजूंनी वेढलेला दुसऱ्या देशाचा तुकडा. कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यातील लढाया व तह यांतून हे तुकडे निर्माण झाले. त्या काळी प्रश्न केवळ महसूल कोणी गोळा करायचा एवढाच होता. पण १९४७ मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले आणि महसुलाची हद्द एकाएकी आंतरराष्ट्रीय सीमा होऊन बसली. भारताचे १११ तुकडे, सुमारे १७,१६० एकर भूमी, पलीकडे अडकले. तिकडचे ५१ तुकडे, सुमारे ७,११० एकर, आपल्या हद्दीत राहिले. दहाला खगराबाडी नावाचा भारताचा तुकडा तर बांगलादेशी तुकड्याच्या आत, तो तुकडा भारतीय तुकड्याच्या आत आणि तो पुन्हा बांगलादेशात! जेमतेम पावणेदोन एकरांचे ते शेत. त्यात पीक घेणारा शेतकरी होता बांगलादेशी.

आपल्याकडे बाप वारला की मुलगा तलाठ्याकडे जातो, वारसनोंद करतो, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नाव चढते. चार खेटे पडतात, पण काम होते. छिटमहालातील मुलाने कोठे जावे? १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसाची पद्धत आली. त्याच्या जमिनीची नोंद ज्या कचेरीत, तेथे पोहोचण्यासाठी परकी भूमी ओलांडणे भाग होते, आणि तिच्यासाठी परवाना मिळवायचा तर आधी तीच परकी भूमी चोरून ओलांडावी लागे. परिणाम असा झाला, की जमिनी विकल्या गेल्या, वाटण्या झाल्या, पण व्यवहार उरले साध्या कागदावर आणि गावकऱ्यांच्या शब्दावर. सरकारी दप्तरात आजोबांचे नाव, बांधावर मात्र नातवाचा नांगर!

१९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी सीमा करार केला. तो प्रत्यक्षात येण्यास ४१ वर्षे लागली. मे २०१५ मध्ये संसदेने १०० वी घटनादुरुस्ती संमत केली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहालांची अदलाबदल झाली. २०११ च्या संयुक्त गणनेनुसार या तुकड्यांत ५१,००० हून अधिक माणसे राहत होती. त्यांना प्रथमच एक देश मिळाला. हा क्षण आनंदाचाच होता.

पण त्या मध्यरात्री एक अडचणही जन्मली. भूमी ज्या देशाकडे आली, तिच्या जुन्या नोंदींची मुळे दुसऱ्या देशाच्या दप्तरात होती. पलीकडच्या छिटमहालांतून नऊशेंहून अधिक माणसे भारतात आली. दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबाडी येथील तात्पुरत्या शिबिरांत त्यांनी संसार मांडले. मागे राहिलेली शेती विकायची, तर कोणत्या कागदाच्या आधारे आणि कोणत्या दुय्यम निबंधकासमोर? ज्यांनी गाव सोडले नाही, त्यांचाही प्रश्न लगेच सुटला नाही. भारतात सामील झालेल्या छिटमहालांतील रहिवाशांना जमिनीचे हक्क देण्यासाठी पश्चिम बंगालच्या विधानसभेला २०१८ मध्ये भूसुधारणा कायद्यात दुरुस्ती करावी लागली. नागरिकत्व एका रात्रीत मिळाले. आपल्याच शेताचे मालकपण मिळण्यास वर्षे लागली.

हे अटळ होते काय? युरोपचा अनुभव येथे बोलका आहे. त्याच वर्षी, १७ ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय संघातील बहुतांश देशांत वारसाहक्काचा नवा नियम लागू झाला. जर्मनीत वारलेल्या माणसाचे घर स्पेनमध्ये असेल, तर जर्मनीत मिळालेले युरोपीय वारस प्रमाणपत्र स्पेनच्या भूमी नोंदणी कार्यालयात आधार म्हणून चालते. कोणत्याही देशाने आपले नोंदणीपुस्तक दुसऱ्याच्या हाती दिलेले नाही. स्पेनच्या भूमीची नोंद स्पेनच ठेवतो. केवळ एकाचा दाखला दुसऱ्याने मानायचा, एवढाच संकेत. सार्वभौमत्वाला त्याने बाधा येत नाही. उलट नोंद स्वच्छ असली की सीमेवरचे तंटे कमी होतात.

भारत आणि बांगलादेश यांना तर हे अधिक सुकर आहे. दस्तनोंदणीचा १९०८ चा कायदा दोघांनाही एकाच वारशातून मिळाला. मौजा, दाग, खतियान हे महसुली शब्द दोन्हीकडच्या बंगालमध्ये तेच. भाषा एक, लिपी एक. सीमेवरील जिल्ह्यांच्या भूमी अधिकाऱ्यांनी परस्परांना प्रमाणित नकला थेट द्याव्यात, वारसाचे दाखले पडताळून घ्यावेत, सीमेलगतच्या मोजणीचे नकाशे जुळवावेत. यासाठी नवा तह नको, हवी ती प्रशासकीय इच्छा.

राष्ट्र ही भावना खरीच. पण सीमेवरच्या माणसाला ते राष्ट्र भेटते कचेरीच्या खिडकीत. ज्या दिवशी त्या खिडकीतून त्याच्या नावाचा उतारा त्याच्या हातात पडतो, त्या दिवशी ‘ही भूमी माझी आहे’ हे शब्द त्याच्यासाठी खरे होतात. सीमा निश्चित करणे हे सरकारचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम त्या उताऱ्यापाशी पूर्ण होते.